बदकांसाठी नव्हे, गाळासाठी बांधलेलं तळं

रामबाण:

घर घेतलं तेव्हा तळ्याकडे तोंड असलेल्या प्लॉटचा भाव मागच्या रांगेपेक्षा सणसणीत जास्त होता. हौसेला मोल नाही म्हणून मोजला. मेलबर्नच्या पश्चिमेकडची नवी वस्ती, संध्याकाळी दर तिसऱ्या घरातून फोडणीचा वास, आणि खिडकीसमोर चक्क पाणी, पुरुषभर उंच गवत, बदकं. पुण्याहून आई आली ती पहिल्याच सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहिली. "माझी आई सांगायची, तळ्यातल्या गणपतीला खरंच तळं होतं. ते असंच दिसत असणार," म्हणाली.

पाच वर्षांनी कळलं की ते तळं नाही.

एका ऑक्टोबरात (म्हणजे इथल्या वसंतात) सकाळी सकाळी पोकलेन आलं. तळ्याच्या वरच्या अंगाला एक छोटं डबकं आहे, मुलं त्याला पिल्लू तळं म्हणतात. पंप लावून त्यातलं पाणी काढलं आणि तळाशी जे होतं ते उपसून शेजारच्या हिरवळीवर पसरलं. काळाकुट्ट, तेलकट चिखल. दोन आठवडे आम्ही खिडक्या उघडल्या नाहीत. त्या चिखलातून सुपरमार्केटच्या दोन ट्रॉल्या निघाल्या, एक लहान सायकल निघाली आणि क्रिकेटचे चेंडू तर विचारू नका. त्यातला एक आमच्या चिरंजीवांनी ओळखला.

मी तावातावाने मुकादमाकडे गेलो. ज्या हिरवळीवर आमची पोरं खेळतात तिथे ही घाण का टाकता? त्याने गाडीतून नकाशा काढून दाखवला. नकाशात ती हिरवळ नव्हतीच, 'गाळ वाळवण्याची जागा' होती. पिल्लू तळं म्हणजे गाळकुंड. ते घाण व्हावं म्हणूनच बांधलंय, साधारण पाच वर्षांनी उपसावं लागतं, आणि उपसायला काहीच निघालं नसतं तर मला जास्त काळजी वाटली असती, असं तो म्हणाला.

त्या दिवसापासून मला या प्रकाराचं वेड लागलंय. जेवढं समजलं तेवढं इथे मांडतो.

या शहरात मैल्याची गटारं वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी. मैलापाणी शुद्धीकरणाला जातं. पावसाचं पाणी मात्र पूर्वी छप्पर, रस्ते, पार्किंग धुऊन तडक ओढ्यात आणि तिथून समुद्रात जायचं. सोबत टायरचा चुरा, ब्रेकची धूळ, पानगळ, कुत्र्यांची विष्ठा, लॉनवर मारलेलं खत. मेलबर्न ज्या उपसागराच्या काठी वसलंय तो पोर्ट फिलिप मोठा आहे पण उथळ, आणि त्याचं तोंड अरुंद, त्यामुळे आतलं पाणी पटकन बदलत नाही. १९९२ ते १९९६ या काळात सीएसआयआरओ या इथल्या सरकारी संशोधन संस्थेने उपसागराचा मोठा अभ्यास केला. त्यात निघालं की तळाच्या चिखलातले जिवाणू येणाऱ्या नायट्रोजनचा बराच भाग वायू करून हवेत सोडून देतात आणि त्यामुळेच हे पाणी अजून शाबूत आहे. पण या जिवाणूंनाही मर्यादा आहे. भार फार वाढला तर शेवाळ माजेल, ते कुजताना तळाचा प्राणवायू संपेल आणि हे फुकटचं यंत्र बंद पडेल. शिफारस होती: वर्षाला १००० टन नायट्रोजन कमी करा.

त्यातला काही वाटा आमच्या खिडकीसमोर कमी होतो. नवी वस्ती वसवताना पावसाच्या पाण्यातला ८० टक्के तरंगता गाळ, ४५ टक्के फॉस्फरस आणि ४५ टक्के नायट्रोजन अडवायचा असा इथला दंडक. ते करायचा सगळ्यांत रुळलेला मार्ग म्हणजे बांधीव पाणथळ.

पाणी आधी गाळकुंडात येतं. तिथे वाळू, माती, जड कचरा बसतो. मग ते पसरट, उथळ भागात शिरतं. उथळ म्हणजे किती? बहुतेक भाग साडेतीनशे मिलिमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे माझ्या गुडघ्याच्याही खाली. मी पाच वर्षं तिथे पोरांना "खोल आहे, जाऊ नका" म्हणून ओरडत होतो. त्यात लव्हाळ्याच्या जातीची गवतं दाटीने लावलेली असतात आणि पाण्याला त्यांच्या रांगा आडव्या जातात. देठादेठावर बुळबुळीत थर धरतो, बारीक कण त्याला चिकटतात. वर प्राणवायू असलेलं पाणी आणि खाली बिनप्राणवायूचा चिखल अशी जोडी असते, तिथे उपसागराच्या तळाशी चालतं तेच काम छोट्या प्रमाणावर चालतं. पाऊस पडला की पातळी आणखी साडेतीनशे मिलिमीटरपर्यंत चढते आणि मग निकासाच्या विहिरीतून साधारण तीन दिवसांत हळूहळू उतरते. मोठा पाऊस आला तर पाणी आत घेतच नाहीत, बाजूच्या चराने वळवून देतात. नाहीतर पाच वर्षं बसलेला गाळ एका रात्रीत धुऊन जाईल.

फॉस्फरसचं मात्र नायट्रोजनसारखं नाही. त्याचा वायू होत नाही. तो मातीच्या कणाला धरून बसतो आणि गाळातच राहतो. जस्त आणि तांबंही तसंच. म्हणजे तळ्याने घाण नाहीशी केली असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा ती फक्त एका जागी आणून ठेवलेली असते. तिथून ती उचलायला माणूस आणि पोकलेन लागतंच.

आता बिघाडाची गोष्ट. शेजारच्या टप्प्यात याच पद्धतीचं नवं तळं आहे. एका हिवाळ्यात त्याच्या निकासाची जाळी प्लास्टिक आणि वाळक्या गवताने तुंबली आणि पातळी हातभर वरच राहिली. आम्हाला ते फार आवडलं. तळं तुडुंब, सूर्यास्ताचे फोटो, सगळ्यांचे डीपी बदलले. आत गवतं बुडून मरत होती. उन्हाळा आला तेव्हा नुसतं उघडं, कोमट पाणी उरलं, त्यावर निळं-हिरवं शेवाळ, आणि मग एका आठवड्यात वीसेक बदकं माना टाकून मेली. बोट्युलिझम, म्हणजे सडक्या गाळातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग. कळवायला गेलो तर पालिका म्हणे देखभाल अजून विकासकाकडे, विकासक म्हणे आम्ही केव्हाच हस्तांतर केलं. जाळी साफ करायला एका माणसाला अर्धा तास लागला. पण तो माणूस यायला सात महिने लागले.

तर प्रश्न असा: आपल्याकडे असं कुठे आहे का? असेल तर त्याचा गाळ कोण काढतं?

(आई त्या काळात रोज शिळ्या पोळ्यांचे तुकडे बदकांना घालायची. 'खायला घालू नका' ही पाटी इंग्रजीत आहे म्हणून ती आपल्याला लागू नाही, असं तिचं मत होतं.)

टिबुकली:

वाखुसा (वाचनखूण साठवली)! पक्ष्यांबद्दल मात्र तुम्ही फार हात आखडता घेतलात. बदकं, बदकं काय? कुठली?

रामबाण:

टिबुकलीताई, मी पक्षीवाला नाही, चुकलो तर सांभाळून घ्या. काळे हंस, काळपट तपकिरी बदकं, पाणकावळे, चमच्याच्या चोचीचे पांढरे दोन-तीन. सगळ्यांत जास्त म्हणजे काळा, कपाळावर पांढरा पट्टा असलेला एक, आणि एक निळा-जांभळा, लाल चोचीचा, लांब तंगड्या टाकत दादागिरी करत फिरणारा.

टिबुकली:

कपाळावर पांढरा तो वारकरी! तोच, आपल्याकडे थंडीत येतो तो. कपाळाला गंध लावल्यासारखं दिसतं म्हणून हे नाव, चांदवाही म्हणतात. आणि दादागिरीवाली ती जांभळी पाणकोंबडी. तुमच्याकडची आपल्या पाणकोंबडीची सख्खी चुलत बहीण. तपकिरी बदकं आमच्या हळदीकुंकू बदकाच्या गोतावळ्यातली, फक्त तुमच्याकडच्यांच्या चोचीला हळदही नाही आणि कुंकूही नाही.

पण एक शंका. एवढी घाण एका जागी गोळा करायची आणि मग तिथे पक्षी आले, बेडूक आले म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे जरा विचित्र नाही का? शेकाट्या आमच्या मुठेतल्या सांडपाण्यातही शेकड्यांनी असतो. म्हणून मुठा चांगली का?

रामबाण:

हाच मुद्दा बेडकांच्या बाबतीत इथे तपासला गेलाय. २०१८ मध्ये मेलबर्नच्या अशाच तळ्यांवरचा अभ्यास छापून आला. जास्त प्रदूषित तळी बेडूक टाळत नाहीत, अंडी घालायला जातात, पण तिथल्या पिलांची जगण्याची शक्यता कमी. थोडक्यात, बाहेरून घर आणि आतून सापळा. तेव्हापासून मी संध्याकाळी बेडकांचं 'बॉन्क, बॉन्क' ऐकतो (खरंच तसा आवाज करतात, बॅन्जोची तार छेडल्यासारखा) तेव्हा खूश व्हावं की नाही कळत नाही. यावर काही जण म्हणतात की वन्यजीवांसाठी तळी वेगळी करा, गाळाच्या वाटेवरून बाजूला, आणि त्यांना स्वच्छ झालेलं पाणी द्या. मला ते पटतं. पण त्याला आणखी जागा लागते आणि जागा म्हणजे पुन्हा प्लॉट.

मिरची:

एकूण काय, तुम्हाला गटार तळं म्हणून विकलं. आमच्या पुण्यात ओढाच प्लॉट म्हणून विकतात. आम्ही दोन पावलं पुढे आहोत.

ओढेकरी:

मिरची, हसू आलं आणि नाहीही आलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने काय केलं ते मी सहकारनगरच्या बाजूने पाहिलंय. भिंती पडल्या, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या, वीसहून जास्त माणसं गेली. तो ओढा एरवी उडी मारून ओलांडता येतो.

रामबाण, लेख आवडला, पण तुमचं तळं जसंच्या तसं इथे आणता येणार नाही आणि त्याचं कारण तुमच्या लेखातच आहे: "मैल्याची वेगळी आणि पावसाची वेगळी". कागदावर आपल्याकडेही वेगळी आहेत. प्रत्यक्षात मार्च महिन्यात कुठल्याही ओढ्यावर जाऊन उभे राहा. पाऊस नाही, झरे आटलेले, तरी पाणी वाहतंय. ते कुणाचं? तुमचं-आमचंच. अशा पाण्यावर उथळ तळं बांधलं तर सहा महिन्यांत जलपर्णी आणि डास.

दुसरं म्हणजे पावसाची तऱ्हा. वर्षाचा आकडा पाहिला तर पुणे आणि मेलबर्न यांच्यात फार फरक नाही, दोन्हीकडे सातशेच्या अलीकडे-पलीकडे मिलिमीटर. पण तुमच्याकडे तो बारा महिने शिंपडल्यासारखा, आमच्याकडे चार महिन्यांत ओतल्यासारखा. तुमची गवतं आमच्या एप्रिल-मेमध्ये काय पिऊन जगणार? सांडपाणीच. म्हणजे आधी कोरड्या दिवसांतलं पाणी अडवून शुद्धीकरणाला न्या, मग पावसाच्या पाण्याचं तळं बांधा. क्रम उलटा केला की फक्त उद्घाटन होतं.

उंटावरचा शहाणा:

डास!!! ओढेकरींनी बोलूनच टाकलं. आधीच डेंग्यूने हैराण, त्यात हे म्हणतात मुद्दाम पाणी साठवा. आमच्या सोसायटीत कारंजं बंद करायला लावलं पालिकेने.

टिबुकली:

शहाणेसाहेब, डेंग्यूचा एडिस डास तुमच्या गॅलरीतल्या कुंडीखालच्या बशीत, टायरमध्ये, टाकीत वाढतो, स्वच्छ साठलेल्या पाण्यात. तळ्यात तो जात नाही म्हणा ना. सांडपाण्याच्या डबक्यात वाढतो तो क्युलेक्स. ज्या तळ्यात पाणी हलतं, पातळी वर-खाली होते, चतुर आणि टाचण्यांची (चतुरांच्या बारीक भाऊबंदांची) पिल्लं आहेत, मासे आहेत, तिथे डासांच्या अळ्यांना खाणारे भरपूर असतात. तळं सडलं की मात्र तुमचं म्हणणं खरं, कारण सडलेल्या पाण्यात खाणारे मरतात आणि डास उरतात.

रामबाण:

+१. फक्त इथे चतुर-टाचण्यांच्या जोडीला वाघ्या साप असतो, टायगर स्नेक, जहाल विषारी. बेडूक खायला येतो. उन्हाळ्यात पायवाट सोडत नाही कुणी.

संत्रानगरी:

नागपूरहून. डासांचा विषय निघालाच आहे तर आमच्या नीरीचं (राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचं) फायटोरिड आठवलं. तीही बांधीव पाणथळच, पण पाणी दिसत नाही. खडी-गोट्यांनी भरलेले वाफे, त्यातून सांडपाणी पृष्ठभागाच्या खालून सरकतं, वर कर्दळ, पाणकणीस अशी झाडं. वर पाय ठेवला तर बूट कोरडा. त्यामुळे डास नाहीत, वास जवळपास नाही, वीज फारशी लागत नाही. मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातही आहे. पण ताई, तुमच्या वारकऱ्याला आणि हळदीकुंकवाला तिथे काही काम नाही. बदक उतरायला पाणी पाहिजे ना.

आणि हे आहे सांडपाण्यासाठी. पुराचं पाणी त्यात घालून चालत नाही, खडीच्या फटी गाळाने बुजल्या की वाफा संपला. एवढं सगळं एकाच तळ्याने करावं अशी अपेक्षा ठेवू नये बा.

मिरची:

लव्हाळ्यांची म्हण कुणीतरी टाकणारच आहे, म्हणून सांगून ठेवतो, टाकू नका.

खाडीवाला:

उशिरा आलो, पण "आपल्याकडे असं कुठे आहे का" याचं उत्तर माझ्या घराच्या गॅलरीतून दिसतं.

नवी मुंबई. सिडकोने शहर वसवलं ते ठाणे खाडीच्या काठच्या सखल जमिनीवर, मोठ्या भरतीच्या पातळीखाली. मग पाऊस आणि भरती एकदम आली तर नाल्यांचं पाणी जाणार कुठे? म्हणून डच पद्धतीने नाल्यांच्या तोंडाशी होल्डिंग पॉण्ड बांधले. मराठी पेपरात 'धारण तलाव' लिहितात. कल्पना साधी आहे. खाडीच्या बाजूला झडपेची दारं. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा झडप आपोआप मिटते, शहराचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. मोटार नाही, वीज नाही.

डच वगैरे ठीक आहे, पण माझे आजोबा खारजमिनीत भात लावायचे, आमच्या आगरी लोकांच्या बांधाला हेच होतं. त्याला उघाडी म्हणतात. उघाडीची फळी कुजली की सगळा गाव रात्री मशाली घेऊन धावायचा, कारण खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं पीक नाही. मालक गाव होता. धारण तलावाच्या झडपेसाठी रात्री कोण धावणार?

व्हायचं ते झालं. झडपा गंजल्या, पूर्ण मिटेनात. भरतीचं पाणी गाळ घेऊन आत यायला लागलं. त्या पाण्यावर तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, बिया तरंगत आल्या, गाळात रुजल्या. वीस वर्षांत तलावाचं कांदळवन झालं. आणि कांदळवन तोडायला बंदी, उच्च न्यायालयाचा २००५ चा अंतरिम आणि २०१८ चा अंतिम आदेश आहे, तो योग्यच आहे. म्हणजे आता गाळ काढायचा तर न्यायालयाची परवानगी काढावी लागते.

मी स्वतः स्थापत्य अभियंता, निवृत्त. २६ जुलै २००५ ला कुर्ल्यात अडकलो होतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. रामबाण, म्हणजे तुमच्या मेलबर्नचा जवळजवळ दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात. त्यामुळे तलावाची खोली हा माझ्यासाठी जिवाचा प्रश्न आहे. पण सकाळी चालायला जातो तेव्हा त्याच तिवरांत धीवर, ढोकरी, रात्रबगळे पाहतो आणि मनात म्हणतो, पोकलेन नको रे बाबा यायला.

फुकट वकील:

खाडीवाला काका, एक कायद्याची बारीक गंमत. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत काही मानवनिर्मित जलाशय वगळलेत: पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, करमणुकीसाठी, सिंचनासाठी खास बांधलेले. पुराचं पाणी धरण्यासाठी बांधलेला तलाव त्या यादीत नाही. तो 'पाणथळ' ठरतो की नाही यावर दोन वकील दोन दिवस भांडू शकतात. खारफुटी आली की मात्र भांडण संपलं, तिथे न्यायालयाचा आदेश लागू.

टिबुकली:

मानवनिर्मित म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी: नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मध्ये जाहीर झालं. ते गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या गाळाने घडवलंय. बंधारा इंग्रजांनी बांधला शेतीला पाणी द्यायला. गाळ आपोआप आला, मग पाणवनस्पती, मग पक्षी. तिथे गाळ ही कमाई आहे आणि काकांच्या तलावात गाळ हा शत्रू आहे.

काका, तरी विचारते: सगळा तलाव उपसायलाच हवा का? मधला प्रवाहाचा पट्टा मोकळा केला आणि कडेची तिवरं ठेवली तर?

खाडीवाला:

हेच मी म्हणतोय तर दोन्ही बाजूंचे लोक मला शिव्या घालतात. पूर थोपवणाऱ्याला पूर्ण खोली हवी, पक्षीवाल्यांना एक फांदी हलायला नको. मधला चर खोल केला आणि झडपा धड मिटल्या तर भरतीतला नवा गाळ यायचा थांबेल. पण झडपा अगदी घट्ट मिटल्या तर तिवरांना खारं पाणी कुठून मिळणार? तीही सुकतील. नेरूळच्या डीपीएस तळ्याचं आठवतंय ना? भरतीच्या पाण्याची वाट बुजली आणि रोहित पक्षी यायचे थांबले. म्हणजे पावसाळ्यात झडप मिटलेली आणि थंडी-उन्हाळ्यात थोडी उघडी, असं वेळापत्रक लागेल, आणि वेळापत्रक म्हटलं की ते पाळणारा माणूस लागेल. फिरून आपण तुमच्या अर्ध्या तासाच्या जाळीवरच आलो, रामबाण.

बिशनची आजी:

मुलाकडे सिंगापूरला असते, म्हणून हे नाव. इथल्या बिशन बागेत रोज चालायला जाते. पूर्वी तिथे कलांग नदी २.७ किलोमीटर सरळ काँक्रीटच्या नाल्यातून वाहायची. तो नाला फोडून २०१२ पर्यंत तिला वळणावळणाची ३.२ किलोमीटरची नदी केलं. फोडलेलं काँक्रीट फेकलं नाही, त्याचीच बागेत टेकडी रचली. पाऊस आला की नदी बागेत पसरते. त्याआधी भोंगा वाजतो आणि सगळे वर पळतात. पाणी मिनिटांत चढतं हो, मी दोनदा पळालेय या गुडघ्यांनी. बाजूला वनस्पतींचे वाफे आहेत, तिथे पाणी गाळून घेतात. आणि पाणमांजरं! अख्खं कुटुंब, पिल्लांसकट, लोकांच्या पायाशी मासे खातं. आमच्या कोकणात ऊद म्हणायचो आम्ही, लहानपणी खाडीत दिसायचे. ते पाहायला सिंगापूरला यावं लागलं.

उंटावरचा शहाणा:

सिंगापूर, मेलबर्न... पैसा आहे त्यांच्याकडे. जागा किती लागते ते सांगा ना, मग बोलू.

रामबाण:

ठोकताळा असा की जेवढ्या परिसराचं पाणी घ्यायचं त्याच्या साधारण दोन ते पाच टक्के. पक्कं बांधकाम जास्त तर जागा जास्त.

खाडीवाला:

म्हणजे शंभर एकरांच्या वस्तीला दोन ते पाच एकर. जुन्या मुंबईत हे अशक्य, तिथे दादरला हिंदमाताशी तुंबणारं पाणी मैदानांखाली टाक्या बांधून साठवायची वेळ आली. टाकी पाणी धरते, पण गाळत नाही आणि तिच्यात बेडूक ओरडत नाही. पण पनवेल, उलवे, कल्याणच्या पुढे, पुण्याला हिंजवडीच्या पलीकडे अजून कोरी जमीन आहे. तिथे आज आराखड्यात ठेवली तरच. नंतर ती जागा पुन्हा मिळत नाही.

ओढेकरी:

आणि ठेवली की तिथे 'लेक व्ह्यू'चा फलक लागेल, रामबाणांसारखा कुणीतरी भाव मोजेल. चालेल. फक्त सातबारावर 'गाळ वाळवण्याची जागा' असं स्पष्ट लिहा, नाहीतर तिथे लग्नाचा हॉल उभा राहतो.

रामबाण:

धागा वर काढतोय. शेजारच्या तळ्यात नवीन रोपं लावली. तिसऱ्या दिवशी जांभळ्या पाणकोंबड्यांनी अर्धी उपटून खाल्ली. आता सगळ्या वाफ्यांवर जाळ्या आहेत, लोक म्हणतात विद्रूप दिसतं. निकासाच्या विहिरीची चावी मिळत नाही, पण पातळीची पट्टी लांबून वाचता येते, म्हणून आम्ही चार घरांनी वार वाटून घेतलेत. पावसानंतर चौथ्या दिवशी पातळी उतरली नसेल तर फोटो काढून पाठवायचा. माझा वार मंगळवार. आईने फोनवर विचारलं, "पोळ्या घालतं का कुणी?" नाही म्हटलं तर गप्प झाली.

टिबुकली:

खाडीवाला काका, रविवारी तुमच्या झडपा पाहायला आम्ही पुण्याहून चौघं येतोय. किती वाजता?

खाडीवाला:

ओहोटी पूर्ण लागल्याशिवाय काही दिसत नाही, म्हणून साडेनऊला या. आमच्याकडे नाश्ता करून निघू. दुर्बीण आणा, मी मोजायला बांबू आणतो. आणि त्या जाळीदार चपला नकोत हो, गेल्या वेळी एकाची गाळात राहिली ती अजून तिथेच आहे. गमबूट.